सिंहस्थानंतरही ही पोरं राहतील का?

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन;
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका;
आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

अग्निशमन दलाच्या भरतीबद्दल आणि तिथं लागलेली पोरं टिकण्याबद्दल हे पत्र आहे. पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर भरतीच्या पोरांकडून पळण्याचा सराव करून घेणारा मी माणूस. लोक याला अकॅडमी म्हणतात, पण बोर्ड लावावा असं काही नाही. एक शिट्टी, एक स्टॉपवॉच, लोखंडी गोळा आणि पन्नास किलो वाळूचं पोतं. पोतं खांद्यावर टाकून पळायचं, कारण आगीत बेशुद्ध पडलेला माणूस स्वतः चालत बाहेर येत नाही. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाड अशा सगळीकडची पोरं येतात. खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि दोन-तीन वर्षं जाहिरातींकडे डोळे लावून बसतात. आपण भरतीचा जो निर्णय मंत्रालयात घेता, तो माझ्यापर्यंत पोरांच्या चेहऱ्यावरून पोचतो.

म्हणून आधी त्या चेहऱ्यांचंच सांगतो. नवीन पोरगं आलं की मी त्याला वहीच्या पहिल्या पानावर पसंतीक्रम लिहायला लावतो. पोलीस पहिला. मग एसआरपीएफ, वनरक्षक, कारागृह. अग्निशमन असलंच तर शेवटी, तेही मी आठवण केली तर. भीती हे त्याचं कारण नव्हे. ही पोरं हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या पावसात चढून येतात. कारण वेगळंच आहे, आणि माझ्या मते ते आपल्या हातात आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महापालिकेची जाहिरात आली. फायरमनच्या १५० आणि चालक-यंत्रचालकाच्या ३६, एकूण १८६ जागा. इतकी वर्षं थांबलेली भरती निघाली याबद्दल मनापासून आभार. त्या दिवशी मैदानावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, सहा महिन्यांचा अग्निशमन कोर्स कोणाकोणाचा झालाय? चाळीसेक पोरांत तीन हात वर आले.

इथेच गाडी अडते. पोलिसात पोरगं आधी भरती होतं आणि मग प्रशिक्षणाला जातं, तेही पगारावर. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत फौजदार घडतात, त्यांच्याकडूनही कोणी आधी स्वतःच्या पैशानं फौजदारकी शिकून या असं म्हणत नाही. अग्निशमनात मात्र बहुतेक महापालिकांना प्रमाणपत्र आधी हवं, आणि नोकरी मिळालीच तर नंतर. सहा महिने घर सोडून राहायचं, फी भरायची, खायचं-प्यायचं, त्या काळात कमाई शून्य, आणि एवढं करून जाहिरात कधी निघेल याची खात्री नाही. सुरगाण्याच्या ज्या घरात भात लावणीला दोन हात कमी पडले तर वर्ष वाया जातं, ते घर हा जुगार कसा खेळणार?

मुंबईचं उदाहरण जवळच आहे. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई अग्निशमन दलानं ९१० जागांसाठी दहिसरला मैदानी चाचणी घेतली, तेव्हा मी स्वतः पोरांना घेऊन गेलो होतो. रात्रीच्या गाडीनं निघालो, स्टेशनवर वर्तमानपत्र अंथरून झोपलो आणि पहाटे रांगेत उभे राहिलो. तिथं बारावी पास पोरगं चालत होतं. आधी निवड, मग प्रशिक्षण. मुंबईला जे जमतं ते नाशिकला का जमू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

या उलट्या क्रमाचा दुसरा परिणाम तर फार वाईट. प्रमाणपत्राची सक्ती आली की प्रमाणपत्राची दुकानं येतात. माझ्या एका पोराच्या वडिलांनी बैल विकून एका खासगी संस्थेची फी भरली. संस्थेच्या भिंतीवर बंबाचं मोठं चित्र होतं आणि आत बंब नव्हता. सहा महिन्यांत पोरानं होज, म्हणजे पाण्याचा पाईप, एकदा हातात घेतला, फोटोसाठी. कागदपत्र पडताळणीला ते प्रमाणपत्र ग्राह्य धरलं नाही. पोरगं आता सातपूरला एका वर्कशॉपमध्ये आहे. चांगलं काम करतं, पण मैदानाच्या बाजूनं जाताना मान वळवून बघत नाही.

तेव्हा पहिली विनंती ही: आधी निवडा, मग शिकवा, आणि शिकवण्याच्या काळात विद्यावेतन द्या. सगळ्या जागांना जमत नसेल तर निम्म्या जागांपासून सुरुवात करा. राज्याचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत आहे, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात १९५७ पासून आहे. उत्तर महाराष्ट्राच्या पोरांसाठी नाशिकला एक मान्यताप्राप्त केंद्र उभं राहिलं तर कुंभमेळ्याच्या खर्चात त्याचा हिशोब शोधूनही सापडणार नाही.

आता भरती झालेल्यांचं. बाहेरच्यांना हा भाग दिसत नाही. माझी अकरा पोरं वेगवेगळ्या महापालिका-नगरपरिषदांच्या अग्निशमनात लागली. त्यातली चार आज तिथं नाहीत. एक पोलिसात गेला, एक वनखात्यात, एकानं चुलत्याबरोबर द्राक्षाचा पॅकहाऊस टाकला. चौथा माझा सगळ्यात चांगला धावपटू. २०२३ ला तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या तेव्हा ड्युटी करून रात्री अभ्यास केला आणि निघून गेला. मी रागावलो. म्हणालो, अरे, सातबारे वाटायला तुला एवढं पळवलं का? तो म्हणाला, "सर, तलाठी म्हटलं की मुलीकडचे घरी येतात. फायरमन म्हटलं की विचारतात, पर्मनंट आहे का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना वाटलं, लोक उगाच विचारत नाहीत. ठेक्यावरचे फायरमन, मानधनावरचे फायरमन, कुंभमेळ्यापुरते फायरमन त्यांनी इतके पाहिलेत की खाकी कपड्यातला माणूस उद्या असेल की नाही, याची त्यांनाच खात्री वाटत नाही.

आणि काम काय आहे ते बघा. फायरमन फक्त आग विझवतो असं समजणाऱ्यानं एक पावसाळा जुन्या नाशकात काढावा. मातीचे वाडे पाणी पितात आणि रात्री बसतात. ज्या गल्लीत रिक्षा वळत नाही तिथं बंब कुठून जाणार? पोरं हातानं विटा उचलतात. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की अख्खं शहर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का. आपण पुलावरून मोबाईलवर व्हिडिओ काढत असतो तेव्हा खाली दोर बांधून उभा असतो तोच हा माणूस. सातपूर-अंबडला केमिकलचा धूर, महामार्गावर उलटलेला टँकर. संक्रांतीला नायलॉन मांजात अडकलेली घार, तिच्यासाठीही एकशे एकलाच फोन जातो. (घारीसाठी शिडी लावायला कोणाची हरकत नाही. पण त्या वेळात दुसरा कॉल आला तर स्टेशनवर मागे कोण आहे, हा प्रश्न मात्र आहे.)

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. औरंगाबाद रोडवर मिरची चौकात खासगी बस ट्रकला धडकून पेटली आणि बारा माणसं गेली. अशा कॉलवरून परत आलेल्या एका ओळखीच्या फायरमनशी मी एकदा चहा प्यायला बसलो होतो. तो बराच वेळ बोलला, पण सगळं डिझेलबद्दल, टाकीबद्दल, पाण्याच्या प्रेशरबद्दल. माणसांबद्दल एक शब्द नाही. चहा तसाच निवला. त्याच्याशी बोलायला कोणी डॉक्टर, समुपदेशक येतो का, असं विचारलं तर हसला. म्हणाला, "दुसऱ्या दिवशी ड्युटी होती."

मला असं वाटतं, सरकार प्रोत्साहन देत नाही असं नाही. देतं, पण ते नेमक्या माणसापर्यंत येत नाही. केंद्रानं जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटींची योजना आणली. त्यातले पाचशे कोटी तर चक्क प्रोत्साहनाचे, जे राज्य कायद्यात आणि व्यवस्थेत सुधारणा करेल त्याला. म्हणजे राज्याला बक्षीस आहे. स्टेशनला इमारत आहे, गाड्या आहेत, उपकरणं आहेत. ते सगळं चालवणाऱ्यानं वीस वर्षं टिकून राहावं म्हणून मात्र त्यात वेगळं काही नाही. दुसरीकडे अपघातातल्या जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्या वाटसरूला 'राह-वीर' योजनेत पंचवीस हजार मिळतात. मिळायलाच हवेत, मी त्याच्या विरोधात नाही. पण तोच जखमी पत्र्यातून कापून बाहेर काढणाऱ्या फायरमनला महिन्याचा जोखीम भत्ता किती, हे एकदा आपण स्वतः वेतनचिठ्ठी मागवून बघा.

हे मी घरचं म्हणून सांगतो. माझे वडील एका नगरपरिषदेच्या अग्निशमनात होते. गाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांना जोखीम भत्ता म्हणून ठराविक रुपये होते. नोकरी लागली तेव्हा त्यात घरचा महिन्याचा किराणा यायचा. निवृत्त होताना तेवढ्याच रुपयांत किलोभर शेंगदाणे आले असते. आई म्हणायची, यांची जोखीम स्वस्त होत चाललीय. भत्ता रुपयांत ठरवला की असंच होतं. मूळ वेतनाच्या टक्क्यांत ठरवा, म्हणजे महागाईबरोबर तो आपोआप चढेल आणि दर वेळी संघटनेला निवेदन घेऊन आपल्या दाराशी यावं लागणार नाही. वडिलांना शेवटची दहा वर्षं खोकला होता. बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, त्यांच्या काळात असून नसल्यासारखा, ओला रुमाल तोंडाला बांधून आत जायचे. छातीचा फोटो एकदाही नोकरीतून काढला गेला नाही. आज लागणाऱ्या पोरांची फुप्फुसं दर वर्षी तपासली जावीत, आणि तपासणीचा कागद त्यांच्या सेवापुस्तकात लागावा. पुढे तीस वर्षांनी हा आजार नोकरीतून आला हे सिद्ध करायची पाळी त्याच्या बायकोवर येऊ नये.

बढतीचंही तसंच. दहा, वीस, तीस वर्षांनी वेतनाचा टप्पा वाढतो, ती योजना चांगलीच आहे. पण पगार वाढतो आणि खांद्यावर काहीच बदलत नाही. पन्नाशीतला माणूस अजून शिडीवर पहिला. त्याचे गुडघे गेलेत, अनुभव मात्र सोन्यासारखा आहे. लीडिंग फायरमन, उपअधिकारी या जागा वेळेवर भरल्या तर तो माणूस गाडीवर पुढे बसून नव्या पोरांना वाचवेल. जागा रिकाम्या ठेवून आपण पैसे वाचवत नाही, अनुभव वाया घालवतो.

क्वार्टर हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय. शिंगाडा तलावावर मुख्यालय आहे म्हणून फायरमन शिंगाडा तलावाजवळ राहतो असं नाही. त्या भागातलं भाडं त्याला परवडत नाही. तो शहराच्या कडेला, कधी कधी दुसऱ्या गावात राहतो. मोठा कॉल पडला की ड्युटीवर नसलेल्यांना फोन जातो, आणि ते द्वारका चौकातल्या गर्दीत अडकतात. स्टेशनच्या आवारात घर मिळालं तर पोरं शाळेत घालता येतात, बायकोला रात्री सोबत असते, आणि सायरन वाजला की माणूस दोन मिनिटांत खाली. पगारात दोन हजार वाढवण्यापेक्षा हे माणसाला जास्त बांधून ठेवतं. मुली आता या भरतीत येतायत, तीस टक्के आरक्षण आहे. त्यांच्यासाठी स्टेशनवर वेगळी विश्रांतीची खोली आणि दाराला आतून कडी, एवढं तरी रुजू व्हायच्या दिवशी असावं. नंतर करू म्हटलेलं नंतरच राहतं.

पैसे कुठून आणायचे, हा आपला प्रश्न मला माहीत आहे. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, पस्तीस टक्क्यांच्या वर गेला की भरतीला कुलूप, हा नियम नाशिककरांनी वर्षानुवर्षं ऐकलाय. नियमाला माझा विरोध नाही. पण बागेचा माळी, कर विभागाचा लिपिक आणि फायरमन एकाच डब्यात मोजायचे का? अग्निशमन आणि आणीबाणीच्या सेवा या मर्यादेच्या बाहेर काढा. दर दहा चौरस किलोमीटरला एक स्टेशन हा देशाचा मापदंड. आपलं शहर अडीचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलंय. भागाकार आपणच करा आणि मग आज किती स्टेशनं आहेत ते बोटांवर मोजा.

आता सिंहस्थ, म्हणजे आपला कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर ध्वज चढायचा, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, आणि २४ जुलै २०२८ ला ध्वज उतरायचा. २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्या वेळी मी कॉलेजात होतो. दुसऱ्या दिवशी चपलांचा ढीग पाहिला, तो अजून डोळ्यासमोर आहे. या वेळी आपण कॅमेरे, ड्रोन, नियंत्रण कक्ष सगळं आणाल, आणावंच. पण गर्दीत पडलेल्या माणसाला उचलणारे हात दीड-दोन वर्षांच्या कराराचे असले, तर २५ जुलै २०२८ ला ते हात कुठे जातील? प्रशिक्षण आपण दिलेलं, गल्ल्या त्यांनी पाठ केलेल्या, पाण्याच्या टाक्या त्यांना माहीत झालेल्या. मग ते पुण्याच्या एखाद्या आयटी पार्कात सुरक्षा अधिकारी होतील. तिथं एसी आहे आणि दर रविवारी सुट्टी.

म्हणून माझं मागणं असं की प्रोत्साहन रुजू होण्याला नको, टिकण्याला द्या. कुंभमेळ्यात काम केलेल्याला स्मृतिचिन्ह आणि शाल देण्यापेक्षा पुढच्या कायम भरतीत गुण द्या. पाच वर्षं पूर्ण केली की एक ठोक रक्कम, दहा वर्षांना मुलांच्या शिक्षणाची फी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे ज्याची छाती धुरात गेली त्याचं म्हातारपण बाजाराच्या भरवशावर. निदान आगीत जाणाऱ्यांसाठी तरी वेगळा विचार करा.

एकशे आठ नंबरच्या रुग्णवाहिकेचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय आरोग्य खात्याचा आहे. २०१४ पासून राज्यभर ९३७ रुग्णवाहिका धावू लागल्या आणि किती जीव वाचले याची गणती नाही. चालकाला तिथं पायलट म्हणतात. नाव विमानाचं, नेमणूक ठेक्याची. अपघाताच्या जागी फायरमन आणि पायलट एकाच स्ट्रेचरला दोन टोकांनी धरतात, तेव्हा त्यांच्या वेतनचिठ्ठ्यांमधला फरक त्या जखमीला कळत नाही, त्यांना मात्र कळतो.

आणि ज्यांना वेतनचिठ्ठीच नाही, त्यांचं काय? गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) लहानपणापासून पोहणारी पंचवटीची पोरं, गोदावरी फुगली की चांदोरी-सायखेड्याला होड्या घेऊन निघणारे गावकरी, ब्रह्मगिरी-अंजनेरीवर अडकलेल्यांना रात्री दोर लावून उतरवणारे गिर्यारोहक. प्रशासन पहिला फोन यांनाच करतं आणि सत्कार झाला की विसरतं. कॅनडात वर्षाला दोनशे तास सेवा देणाऱ्या स्वयंसेवक अग्निशामकाला आयकरात सवलत आहे, २०२४ मध्ये तिची मर्यादा तीन हजारांवरून सहा हजार डॉलर केली. आपल्या पोरांना आयकराचा उपयोग नाही, कर बसेल एवढी कमाईच नाही. पण न्यूयॉर्क राज्यात अशांच्या घराच्या करात दहा टक्क्यांपर्यंत सूट देता येते, ती कल्पना इथं चालेल. आपल्याच राज्यात माजी सैनिकांची घरपट्टी माफ आहे, तेव्हा आम्हाला कायद्यात बसत नाही असं कोणी म्हणू नये. नोंदणी करा, प्रशिक्षण द्या, विमा उतरवा, घरपट्टीत सूट द्या. होमगार्डचा दिवसाचा भत्ता २०२४ मध्ये ५७० वरून १,०८३ रुपये केलात. तेच माप यांना बोलावलेल्या दिवसांसाठी लावा. बुडणाऱ्याला काढताना पोहणाऱ्याचा मोबाईल पाण्यात जातो, तेवढा तरी भरून निघेल.

पत्र लांबलं. लिहिणं हे माझं काम नाही, त्यामुळे कुठे सूर चढला असेल तर माफ करा.

या सोमवारी नवीन तुकडी सुरू होतेय, सत्तावीस पोरं आणि सहा मुली. नेहमीप्रमाणे वहीच्या पहिल्या पानावर पसंतीक्रम लिहून घेणार आहे. आपल्यापैकी कोणी पहाटे मैदानावर आलात तर त्या वह्या दाखवीन. पोतंही तिथंच आहे, उचलून बघता येईल.

आपला नम्र,
एक प्रशिक्षक, गोल्फ क्लब मैदान, नाशिक